खर

तीन डब्या रंगवून खिडकीत ठेवल्या होत्या,
अॅल्युमिनियमच्या, तळहाताएवढ्या.
रंग काळा म्हणून आणला, उन्हात निळा निघाला,
ताज्या बांगड्याच्या पाठीसारखा.
आत सगळं मीच डाख देऊन जोडलेलं,
दोन ट्रान्झिस्टर कुणाच्या तरी मेलेल्या रेडिओतले.
गिटारचा आवाज एका बाजूने शिरतो
आणि दुसऱ्या बाजूने फाटून बाहेर येतो.
मुद्दाम फाडलेला.
इनासच्या धाकट्याला तसाच हवाय.

बाहेरून तीन खुंट्या, सारख्याच,
आणि कुठली कशाची
हे रात्री माझं मलाही आठवत नाही.

आधी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो.
पारदर्शक कागदावर नावं छापून घेतली,
पाण्यात भिजवून, बोटाने सरकवत चिकटवली.
काळ्यावर काळं. काहीच दिसेना.
त्याचं यंत्र पांढरं छापत नाही.
पांढरं म्हणजे त्याच्या लेखी
जिथे काही केलं नाही ती जागा.

मग स्टेन्सिल. मग खाडाखोडीची पांढरी बाटली.
मग वरून लॅकर, आणि लॅकर
ह्या दमट हवेत सुकता सुकता दुधाळ झाला;
नको तिथे सगळीकडे पांढरं
आणि अक्षरं पुसट, तांदळाच्या धुवणात पडल्यासारखी.
काचकागद घेऊन पुन्हा बसलो.

वेंगुर्ल्याला, नवाबागेत,
लवू कुबल होड्यांची नावं रंगवतो.
त्याने आधी डबीचा वास घेतला.
"तुझ्या मशिनीत पांढरो रंगच नाय?
मगे ता मशीन कसला?"

त्याच्या डब्यात पांढऱ्यावर साय धरलेली.
ती काडीने बाजूला सारली,
खालचा रंग नखावर घेऊन पाहिला.
म्हणाला, काळ्यावर पांढरं एका हातात बसत नाही.
पहिला हात नुसता जागा दाखवायला.
दुसरा उद्या, वारा पडला तर.
आणि अक्षर काढताना धरून चालायचं
की अंधारात कुणीतरी लांबून बघतोय.
फार लांबून नाही, मी म्हटलं, पाच फुटांवरून.
"उभ्या माणसाक पाच फूट पण लांबच."

चिठ्ठी दिली: आवाज, धार, खरखर.
आणि खाली, मोठ्या बटणापाशी, चालू-बंद.
"ह्या कशान दाबतंत?"
पायाने.
त्याने कुंचला डब्यावर आडवा ठेवला.
"मगे थंय मी लिवचंय नाय. अक्षरार पाय?"

ह्याची अक्षरं चाळीस वर्षं लाटा तुडवतायत,
मीठ चाटतंय, त्याचं त्याला काही नाही.
पण पाय नाही.
मी वाद घातला नाही.
वहीला पाय लागला की कपाळाकडे जाणारा
माझा उजवा हात खिशात होता,
तो आतल्या आत हलला.

चौथ्या दिवशी डबी मिळाली.
आवाज. धार.
आणि तिसऱ्या खुंटीपाशी नुसतं खर.
होडीला लांबी असते, लवू म्हणाला, हिला नाय.
ख जरा सुटलाय त्याचा,
तिरप्या उजेडात रव वाचता येतो.
चालेल. रव म्हणजेही आवाजच.

आता इनासच्या धाकट्याची सगळी टोळी म्हणते,
खर थोडा वाढव, खर कमी कर,
जणू हा शब्द पहिल्यापासून
ह्याच कामासाठी होता.

डबीचा खालचा अर्धा भाग काळाच आहे.
पोरगा तिथे अनवाणी पाय ठेवतो.
मी काही सांगितलं नव्हतं त्याला.
म्हणतो, बुटातून बटण कळत नाही.

उरलेल्या दोन डब्या खिडकीत.
पहिला हात बसलाय त्यांच्यावर, अंधुक,
अक्षरं कुठे येणार एवढंच सांगणारा.
वारा अजून पडलेला नाही.